कॉलेजच्या बागेचं वर्ष: बागकाम टीमला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तुमचं वर्ष कधी सुरू होतं, कॉलेजबरोबर जूनला?

नाही, आमचं सुरू होतं एप्रिल-मेमध्ये, म्हणजे परीक्षा उरकून मुलं घरी निघतात आणि कॅम्पस रिकामा व्हायला लागतो तेव्हा. पावसाळ्यात जी झाडं लावायची त्यांचे खड्डे उन्हाळ्यातच खणून उघडे ठेवायचे असतात, माती चांगली तापते, किडींची अंडी-कोष उन्हात मरतात आणि पहिला पाऊस पडला की शेणखत-माती भरून लगेच रोप लावता येतं. पाऊस सुरू झाल्यावर खणायला घेतलं तर चिखल कालवण्यातच जून संपतो.

बागेतली जी गोष्ट आज दिसतेय तिचं काम कमीत कमी एक ऋतू आधी झालेलं असतं. हिवाळ्यातली फुलं म्हणजे सप्टेंबरमधलं बी. पावसाळ्यात जगलेलं रोप म्हणजे मे महिन्यातला खड्डा. हे एकदा लक्षात घेतलं की खालच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. आणि हो, इथं लिहिलेलं सगळं पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन ठळक ऋतू असलेल्या हवामानाचं आहे, बर्फ पडणाऱ्या भागात महिने सगळे बदलतात.

पदवीदानाला अचानक एवढी फुलं कुठून येतात?

अचानक काहीच येत नाही! कार्यक्रम जानेवारीत असेल तर आम्ही तारीख ऑगस्टमध्येच विचारून घेतो, आणि ऑफिसमधून उत्तर आलं नाही तर परत विचारतो, कारण पुढचं सगळं गणित त्या तारखेवरून उलटं मोजायचं असतं.

पिटुनियाचंच बघा. बी इतकं बारीक की चिमटीत धरलं तर बोटाला धूळ लागल्यासारखं वाटतं, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे असतात. हे बी नुसतं फेकलं तर एका कोपऱ्यात गर्दी होते आणि बाकीचा ट्रे रिकामा राहतो, म्हणून ते चाळलेल्या कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं. वरून माती टाकायची नाही कारण त्याला उगवायला उजेड लागतो, फक्त तळहाताने हलकं दाबायचं आणि पाणी झारीने न घालता ट्रे पाण्यात बुडवून खालून शोषू द्यायचं. झारीचा एक जोराचा फवारा आणि सगळं बी वाहून एका बाजूला, झालं. आठवडा-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, चार-सहा पानं आली की पिशवीत किंवा छोट्या कुंडीत हलवायचं, मग थोडं वाढल्यावर शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, आणि पेरल्यापासून साधारण अडीच-तीन महिन्यांनी फूल. झेंडू त्यामानाने लवकर, दोन-अडीच महिन्यांत येतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी ट्रे भरले नाहीत तर जानेवारीत वाफे रिकामे, मग कितीही माणसं लावा.

गुलाबाचं तंत्र वेगळं, त्याला तारीख पाळायला लावता येते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात छाटणी करायची, आणि छाटल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर येतो. छाटताना मेलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या, मग चार-सहा जोमदार फांद्या ठेवून प्रत्येकीचं टोक बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (म्हणजे जिथून नवी फांदी फुटते त्या कोंबाच्या) थोडंसं वर तिरकं कापायचं. डोळा बाहेरच्या बाजूला असला की नवी फांदी बाहेर जाते आणि झुडपाच्या मध्यात हवा खेळते, म्हणजे भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी) कमी. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावायची. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवीच हवी, बोथट सिकेटरने फांदी चेचली जाते आणि तिथूनच ती वरून खाली वाळत येते.

शेवंतीच्या वाफ्याजवळचा दिवा रात्री बंद ठेवा असं तुम्ही सिक्युरिटीला का सांगता?

कारण शेवंती रात्र मोजते. रात्र एका ठराविक लांबीपेक्षा मोठी झाली की तिला कळी धरायचा इशारा मिळतो, म्हणूनच ती दिवस लहान व्हायला लागले की फुलते. मध्यरात्री तिच्यावर थोडा वेळ जरी उजेड पडत राहिला तर तिच्या हिशेबाने ती लांब रात्र तुटते आणि ती पानंच वाढवत बसते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये फुलणं दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं हे पहिल्यांदा नीट मांडलं, तंबाखूच्या एका जातीवरून त्यांची सुरुवात झाली होती. फुलशेती करणारे लोक आता हेच उलटं वापरतात, फुलं उशिरा हवी असतील तर रात्री दिवे लावतात.

कॅम्पसमध्ये एकाच रांगेतली निम्मी शेवंती फुललेली आणि खांबाखालची निम्मी हिरवीगार दिसली तर खत कमी पडलं असं लगेच समजू नका, आधी वर बघा. दिवा बंद करणं सुरक्षेच्या दृष्टीने शक्य नसेल तर आम्हीच कुंड्या हलवतो, किंवा दिव्याला वाफ्याच्या बाजूने आडोसा करून घेतो.

पावसाळ्यात पाणी घालायचं नसतं, मग तुम्हाला काम काय उरतं?

उलट सगळ्यात जास्त काम तेव्हाच! तण. एका पावसात गुडघ्याएवढं होतं. त्यातलं गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी परत तीच लढाई, आणि त्याची अंगाला अ‍ॅलर्जी येते म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय आम्ही कुणालाच त्यात उतरू देत नाही. लव्हाळा तर नुसता ओढून जात नाही, वरची पाती तुटते आणि खालची गाठ जमिनीत तशीच राहते, ती खुरप्याने खोलून काढायची. शिवाय नव्या रोपांना काठीचा आधार, झाडांभोवती पाण्यासाठी केलेली आळी वाहून गेली की परत बांधणं, पाणी तुंबतंय तिथं चर काढणं, गोगलगायी वेचणं, दर दोन आठवड्यांनी हेज (झुडपांचं कुंपण) कापणं. आणि हेज कापायच्या आधी आत डोकावून घरटं आहे का ते बघतो, बुलबुलासारखे पक्षी हेजमध्येच घरटी करतात, घरटं असेल तर तेवढा भाग पिल्लं उडेपर्यंत सोडून द्यायचा. हेज वाकडीतिकडी दिसतेय अशी तक्रार आली तरी चालेल.

डासांचं पण आमच्याकडेच येतं. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण डास व्हायला उबदार पाण्यात साधारण ७ ते १० दिवस घेतो, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, पडलेले कप, झाडाच्या ढोल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या झाल्या पाहिजेत. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊन कित्येक महिने तग धरतात, म्हणून ताटली घासायची. ज्या डिपार्टमेंटच्या दारात शोभेच्या कुंड्या आहेत त्यांनी एवढं केलं तर आमच्यावर खूप उपकार होतील.

लॉनवर बसायला बंदी आहे का?

बंदी नाही. लॉन बसायलाच असतं, आम्हाला तर तिथं पुस्तकं घेऊन बसलेली मुलं बघून फार बरं वाटतं. फक्त जोराचा पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांबा, कारण ओल्या मातीवर चाललं की माती दाबली जाते, तिच्यातली हवेची जागा संपते आणि मग मुळांना हवा मिळत नाही, पाणी वरच साचतं. गवत मेलेलं एका महिन्याने दिसतं, दाबलेली माती मोकळी करायला आम्हाला अख्खा सीझन जातो. त्यासाठी काटेरी फावड्याने बोटभर खोल भोकं पाडत जायचं आणि त्यात वाळू-कंपोस्ट भरायचं, कंटाळवाणं काम आहे पण त्याला पर्याय नाही.

आणि शॉर्टकट. लायब्ररीकडे जायला सगळे लॉनमधूनच तिरके जातात आणि तिथं पायवाट पडते, तिथं ‘चालू नये’ची पाटी लावून आजवर कुठल्याच कॅम्पसमध्ये काही झालेलं नाही. आमचं स्पष्ट मत आहे की लोक जिथून चालतात तिथंच वाट करून द्यावी, चार फरशा टाकाव्यात आणि विषय संपवावा. लोकांच्या पायांना रस्ता चांगला कळतो.

लॉन एकदाच बारीक कापून टाका ना, परत परत मशीन कशाला?

एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. गवताचं अन्न पानातच तयार होतं, पान एकदम उडवलं की ते मुळांमधला साठा वापरून नवीन पान काढतं, मुळं आखूड राहतात, आणि उघड्या पडलेल्या मातीत तणाला आयता उजेड मिळतो. हरळीच्या साध्या लॉनला अडीच ते चार सेंटिमीटर उंची बरी. सावलीत आणि कडक उन्हाळ्यात थोडं उंच ठेवायचं.

मशीन चालवून झाल्यावर कधी वाकून एक पातं हातात घेऊन बघा. टोक सरळ कापलं गेलं असेल तर ब्लेड ठीक आहे. टोकाला दोरे सुटल्यासारखं फाटलेलं दिसलं तर ब्लेडची धार गेलीय, दोन दिवसांत ती सगळी टोकं पांढरट-तपकिरी होतात आणि लांबून अख्खं लॉन करपल्यासारखं दिसतं. मग लोक सांगतात पाणी कमी पडतंय. पाणी नाही हो, धार.

उन्हाळ्यात लॉन पिवळं पडतं तरी पाणी का वाढवत नाही?

हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. लॉन हिरवं ठेवायला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं तर १००० चौरस मीटरच्या लॉनला दर आठवड्याला २५,००० लिटर, आणि भर उन्हाळ्यात तेवढंही पुरत नाही. त्याच वेळी होस्टेलच्या टाक्या खाली जात असतात. अशा वेळी आम्ही पाणी आधी गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत लावलेल्या झाडांना देतो, मग झुडपांना, आणि लॉन सगळ्यात शेवटी. हरळी पिवळी पडते म्हणजे मरते असं नाही, ती झोपते, जमिनीखालच्या खोडात तिचा जीव असतो आणि पाऊस आला की काही दिवसांत परत हिरवी होते. तीन वर्षांचं झाड एकदा वाळलं की ती तीन वर्षं गेली.

पाणी देताना रोज थोडंथोडं शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी भरपूर आणि खोल. वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं तरी झाड माना टाकतं. वेळ पहाटेची, उन्हात अर्धं पाणी हवेतच जातं. आळं खोडाला चिकटून नको, फांद्यांचा घेर जिथं संपतो त्याच्या आसपास हवं, पाणी शोषणारी बारीक मुळं तिकडे असतात. आळ्यात पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन टाकलं की ओल टिकते, फक्त ते खोडापासून चार बोटं लांब ठेवायचं नाहीतर साल कुजते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एवढा पाला पडतो, जाळून मोकळे का होत नाही?

जाळायचा नाही. यावर चर्चाच नको. धुरातले बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड सरळ वर्गांच्या खिडक्यांतून आत जातात, दमा असलेल्या मुलाला तर तो एक तास भारी पडतो, आणि जे जळतं ते आमचं पुढच्या वर्षीचं खत असतं.

पाल्यात कार्बन खूप, नायट्रोजन कमी. नुसता पाला रचून ठेवला तर तो कुजायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं. म्हणून त्यात हिरवा माल मिसळायचा, लॉनचं कापलेलं गवत, उपटलेलं तण (बी धरायच्या आधीचं), शेण मिळालं तर उत्तमच. तीन घमेली वाळका पाला, एक घमेलं हिरवा माल, असा आमचा अंदाज. ढीग सगळ्या बाजूंनी निदान एक मीटर हवा, लहान ढिगात उष्णता टिकत नाही. मूठभर माल हातात घेऊन दाबला की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाणी जास्त झालं, काहीच आलं नाही तर कमी. नीट जमलं की आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापमान जातं, पहाटे ढीग उलथला तर वाफा निघताना दिसतात, आणि त्या उष्णतेत तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. दर आठ-दहा दिवसांनी उलथायचा, बाहेरचं आत, आतलं बाहेर. अमोनियाचा वास आला तर हिरवं जास्त झालं, पाला वाढवा. कुजकट वास आला तर आत हवा नाही, उलथा.

पाला झाडून गोळा करतानाच त्यात चिप्सची पाकिटं, स्ट्रॉ, बाटल्यांची झाकणं निघतात आणि मावशींचा अर्धा वेळ ते वेचण्यात जातो. डस्टबिनपर्यंत चार पावलं चालायला काय हरकत आहे, एवढं एकच म्हणणं आहे. बाकी सगळं आम्ही बघतो.

मोठ्या झाडांच्या फांद्या तोडल्या की वाईट वाटतं. गरज असते का?

आम्हालाही वाटतं. पण वाळलेली, तडकलेली फांदी पार्किंगवर किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर असेल तर पावसाळ्याआधी उतरवावीच लागते, वादळात ती कुणाची वाट बघत नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवतो. मोठं काम असेल किंवा झाड पाडायचा प्रश्न असेल तर संबंधित खात्याची परवानगी आल्याशिवाय कुऱ्हाड लागत नाही, आणि उंचावरचं काम प्रशिक्षित माणसानेच दोर-बेल्ट लावून करायचं.

कापायची पद्धत मात्र नीट समजून घ्या, कारण बाहेरून आलेले लोक इथंच घोळ घालतात. जड फांदी तीन कापांत काढायची. पहिला काप खोडापासून फूटभर लांब, खालून, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, फांदी तिथं तुटून पडते आणि खालच्या कापामुळे साल सोलवटत खोडापर्यंत येत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, आणि तो फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते तिच्या अगदी बाहेर. कड कापायची नाही आणि खुंटही ठेवायचा नाही. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य खोडं उभी चिरून अभ्यास केला आणि दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड ती आतून भिंती घालून बंद करतं, आणि त्या भिंती त्या फुगीर कडेतूनच तयार होतात. कड शाबूत असली की एक-दोन वर्षांत कापाभोवती गोल वळी चढलेली दिसते. मोठ्या झाडाच्या जखमेला डांबर किंवा रंग फासायची गरज नाही, त्याने कुजणं थांबत नाही.

झाडाचा शेंडा सरसकट छाटून खांब करून ठेवणं याला आमचा ठाम विरोध आहे. त्यातून ज्या नव्या फांद्या फुटतात त्या वरवर चिकटलेल्या असतात आणि काही वर्षांनी त्याच मोडून पडतात.

झाडांभोवती पेव्हर ब्लॉक लावले तर स्वच्छ दिसेल ना?

दिसेल, आणि काही वर्षांत झाड वरून वाळायला लागेल. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरमध्येच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. वर सिमेंट आलं की हवा बंद, पाणी बंद. कॅम्पसमध्ये कुठलंही बांधकाम, केबल, ड्रेनेज निघणार असेल तर नकाशा पक्का व्हायच्या आधी आम्हाला बोलवा, दहा मिनिटं द्या, चर दोन मीटर इकडे घेतला तर साठ वर्षांचं झाड वाचतं. चर खणून झाल्यावर बोलवून काही उपयोग नसतो, तोडलेलं मूळ जोडता येत नाही.

खिळे ठोकून बोर्ड लावणं, लाइटिंगची तार आवळून तशीच विसरणं, हेही बंद करा. खोड जाड होत जातं, तार तिथंच राहते, सालीखालून अन्न वाहून नेणारा थर चेपला जातो. नावाच्या पाट्या लावायच्या तर सैल स्प्रिंगने लावा, खोडाबरोबर ती ताणली जाते.

वृक्षारोपणाला आम्ही शंभर झाडं देतो, लावाल का?

आधी सांगा की पुढची तीन वर्षं पाणी कोण घालणार. खरंच, मनापासून विचारतोय. लावणं एका सकाळीचं काम आहे, दोन-तीन उन्हाळे पार करणं हे खरं काम. शंभरच्या जागी वीस द्या आणि प्रत्येक झाडाला एक वर्ग जोडून द्या, ती वीस जगतील.

लावताना खड्डा फार खोल नको, रुंद हवा. खोड जिथं रुंदावून मुळांना फुटतं तो भाग जमिनीच्या पातळीला दिसला पाहिजे, बरीच रोपं खोल गाडल्यामुळेच काही वर्षांनी मरतात. पिशवी पूर्ण काढा (हो, काही लोक काढत नाहीत). आत गोल फिरलेली मुळं असतील तर ती मोकळी करा किंवा कापा, नाहीतर तीच मुळं मोठी झाल्यावर खोडाला फास लावतात.

आणि सगळी एकाच जातीची नकोत. उत्तर अमेरिकेतल्या शहरांनी आणि कॅम्पसनी रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना एल्मच्या रांगा लावल्या होत्या, १९३० च्या सुमारास तिथं डच एल्म रोगाची बुरशी पोचली, साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी ती झाडाझाडावर नेली आणि रस्तेच्या रस्ते बोडके झाले. म्हणून अमेरिकन वृक्षतज्ज्ञ फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये सुचवलेला १०-२०-३० चा अंदाज आम्हाला पटतो, एका जातीची १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीगटाची २० आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नकोत. फोटोत एकसारखी रांग छान दिसते हे मान्य आहे, पण आम्हाला झाडं पन्नास वर्षांनीही हवी आहेत.

फवारणी करता का? मुलं आजूबाजूला असतात.

शक्यतो रासायनिक नाही. मावा, पिठ्या ढेकूण अशी रस शोषणारी कीड दिसली की आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग निंबोळी अर्क पाच टक्के, तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा परिणाम लवकर जातो आणि संध्याकाळी मधमाश्या परत गेलेल्या असतात. पिठ्या ढेकणाबरोबर मुंग्यांचा पण बंदोबस्त करावा लागतो, त्या गोड चिकट द्रवासाठी त्याला सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. लेडीबर्ड (मावा खाणारा ठिपक्यांचा किडा) दिसला तर तिथं काहीच मारायचं नाही, तो आपलंच काम करतोय.

कॅम्पसमध्ये विषारी झाडं आहेत का?

बहुतेक प्रत्येक कॅम्पसमध्ये असतात. कण्हेर आणि बिट्टी, दोन्हींचे सगळे भाग विषारी आहेत, हृदयावर परिणाम होतो, त्यांची छाटणी जाळायचीही नाही. डिफेनबेकिया कॉरिडॉरमध्ये सर्रास ठेवतात, त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं तर जीभ-घसा सुजतो. पाळणाघराजवळ आम्ही यातलं काही ठेवत नाही. चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखान्यात, आणि झाडाची फांदी बरोबर न्या म्हणजे डॉक्टरांना ओळख पटते.

साप दिसला तर?

लांब उभे राहा, नजर ठेवा, सिक्युरिटीला सांगा, सर्पमित्र येईपर्यंत कुणी काठी घेऊन पुढं जायचं नाही. आमचे मामा लोक पावसाळ्यात गमबूट घालूनच गवतात उतरतात आणि पाल्याच्या ढिगात आधी काठी फिरवतात, मग हात.

परीक्षा चालू असताना मशीनचा आवाज!

हे तुमचं बरोबर आहे. म्हणून परीक्षेचं टाइमटेबल आम्हीही भिंतीवर लावतो आणि त्या दिवसांत सकाळी सहा ते आठमध्ये मशीन उरकतो, पेपरच्या वेळात फक्त हाताची कामं, खुरपणी, पाणी, कुंड्या बदलणं. मशीन चालवणाऱ्याने कानाला मफ लावायचेच, ८५ डेसिबलच्या वर रोज राहिलं तर ऐकू येणं हळूहळू कायमचं जातं. उन्हाळ्यात तर टीम पहाटेच येते आणि अकराच्या आत सावलीत जाते, तेव्हा दुपारी बागेत कुणी दिसत नाही म्हणून काम होत नाही असं कृपया समजू नका.

कॉलेजला बाग हवीच कशाला, पार्किंग वाढवा की.

इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाने १५४५ मध्ये बाग केली ती वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती खऱ्याखुऱ्या ओळखता याव्यात म्हणून, तेव्हा चुकीच्या मुळीने माणसं मरायची. ती बाग आजही त्याच जागी आहे आणि तिथलं १५८५ मध्ये लावलेलं एक पाम अजून उभं आहे. तेव्हापासून आत्तापर्यंत किती पिढ्यांचे माळी झाले असतील! बॉटनीचे सर-मॅडम आमच्याकडून पानं-फुलं मागायला येतात तेव्हा आम्ही हे काम किती आनंदाने करतो ते त्यांना विचारा.

मला टीमबरोबर काम करायचंय, काहीच येत नाही तरी चालेल?

चालेल. सुरुवात रोपवाटिकेत, पिशव्या भरणं, कुंड्यांतलं तण काढणं, बी पेरणं. ग्लोव्हज आम्ही देतो, बूट बंद घालून या. मशीन आणि फवारणी विद्यार्थ्यांच्या हातात देत नाही. एकच विनंती, एक आठवडा हौसेने येऊन गायब होण्यापेक्षा आठवड्यातून एक तास पण सगळं सेमिस्टर या, म्हणजे तुम्ही पेरलेलं तुम्हालाच फुललेलं दिसेल.

झाडाची फांदी नेली तर चालेल का, घरी लावायला?

विचारून न्या, शंभर टक्के देऊ. छाटणीच्या दिवशी आलात तर जास्वंद, तगर, क्रोटनच्या फांद्या ढिगानेच पडलेल्या असतात. पेन्सिलएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली घ्या, खालचं टोक डोळ्याच्या लगेच खाली कापा, वरची दोन पानं अर्धी करून ठेवा आणि बाकीची काढा, निचरा होणाऱ्या मातीत दोन डोळे आत जातील एवढी खोचा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्यात सगळ्यात पटकन लागतात. नवीन पान आलं म्हणजे मूळ धरलंच असं नाही, फांदीत साठलेल्या अन्नावरही पान फुटतं, त्यामुळे उपटून बघायची घाई करू नका, महिना-दीड महिना जाऊ द्या, मग हळूच ओढून बघा, धरून ठेवलंय असं हाताला लागलं की कुंडी बदला.